एका गुणाने भरती हुकली, आता काय?

2023 च्या पोलीस भरतीत 1600 मीटरला मला 5 मिनिटं 34 सेकंद लागले. 5:30 च्या आत आलो असतो तर 18 गुण होते, मला 16 मिळाले. अंतिम यादी लागली तेव्हा माझ्या प्रवर्गाचा कट ऑफ माझ्यापेक्षा एका गुणाने वर होता. म्हणजे चार सेकंदांनी वर्ष गेलं. त्याआधी 2021 ला तर मी लेखीतच बाद झालो होतो, ग्राउंडपर्यंत, म्हणजे मैदानी चाचणीपर्यंत, पोचलोच नव्हतो. 2024 ला लागलो.

आता सुट्टीला गावी आलो की पहाटे शाळेच्या मैदानावर पोरं-पोरी गाठतात आणि एकच विचारतात, "दादा, थोडक्यात गेलं, आता काय करू?" प्रत्येकाला उभ्या उभ्या जे सांगतो ते इथे नीट, क्रमाने लिहितोय. पोलीस शिपाई भरती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण मला तीच माहीत आहे. वनरक्षक किंवा सैन्यभरतीवाल्यांनी आकडे बदलून घ्यावेत.

यादी लागल्यानंतरचे दहा दिवस

या दहा दिवसांत कुठलाही निर्णय घेऊ नका. "आता बास", "पुण्याला अकॅडमी लावतो", "दुबईला जातो" हे सगळं याच दिवसांत सुचतं आणि यातलं बहुतेक रागातून आलेलं असतं. धावणं बंद ठेवा. झोपा, जेवा, शेतात काम असेल तर करा. भरतीचे व्हॉट्सअॅप आणि टेलिग्राम ग्रुप महिनाभर म्यूट करा. तिथे लागलेल्यांचे फेटे आणि गुलाल दिसतात, आणि न लागलेले कोर्टात जायच्या गोष्टी करतात. दोन्हीचा तुम्हाला आज उपयोग नाही.

घरी मात्र त्याच दिवशी सांगा. मी दोन दिवस लपवलं, ती चूक होती. शेवटी संध्याकाळी गोठ्यात वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती कमी पडलं?" मी म्हटलं, "एक." ते वैरणीची पेंढी सोडत होते. तशीच हातात धरून थोडा वेळ उभे राहिले, मग म्हशीपुढे टाकली आणि म्हणाले, "आईला मी सांगतो. तू जेवायच्या टायमाला ये." त्या रात्री आईने भरतीचा विषय काढला नाही, ताटात भाकरी मात्र दोन वेळा वाढली. घरच्यांना वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना आकडा खरा सांगा, म्हणजे पुढे तयारीला वेळ मागताना तुमचं तोंड खाली राहत नाही.

झोप पूर्ण उडाली असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर एकट्याने बसू नका. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मैदानावर मुलं गुडघ्याचं दुखणं सांगतात, हे सांगत नाहीत. म्हणून मीच आधी सांगतो.

गुण कुठे गेला ते शोधा

सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि बहुतेक जण नेमकं हेच टाळतात. "नशीब नव्हतं" म्हणतात आणि पुढच्या वर्षी जे येतं त्याचाच सराव परत करतात. ज्याचं लेखी कच्चं तो दिवसातून दोनदा धावतो, आणि ज्याचं ग्राउंड कच्चं तो ठोकळा, म्हणजे लेखीचं जाडजूड गाईड, तिसऱ्यांदा वाचतो.

एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर पाच ओळी लिहा: 1600 मीटर (मुलींसाठी 800), 100 मीटर, गोळाफेक, लेखी, एकूण. प्रत्येक ओळीसमोर तीन आकडे: पैकी किती, मिळाले किती, आणि यादीतल्या शेवटच्या निवड झालेल्या उमेदवाराला किती. गुणपत्रक घटकाच्या, म्हणजे जिथे अर्ज केला त्या जिल्हा पोलीस किंवा आयुक्तालयाच्या, वेबसाइटवर पीडीएफमध्ये असतं. वेबसाइटवरून हटवलं जाण्याआधी ते उतरवून ठेवा.

ग्राउंड 50 गुणांचं. धावणं 20, शंभर मीटर 15, गोळा 15. लेखी 100 गुणांची. ग्राउंडला किमान 25 लागतात, आणि तेवढ्यावर भागत नाही, कारण जागांच्या दहापट उमेदवारच लेखीला बोलावतात. लेखीत किमान 40 हवेत. निवड होते ती 150 पैकी एकूण गुणांवर.

माझं ते पान भरल्यावर मला धक्का बसला. वर्षभर मी त्या चार सेकंदांना शिव्या घालत होतो. प्रत्यक्षात धावण्यात माझे 4 गुण गेले होते, गोळ्यात 5 आणि लेखीत 27. त्यातले दहा-बारा प्रश्न मला येणाऱ्या गणितांचे होते. चार सेकंद डोळ्यांना दिसले, बाकीचं दिसलं नाही. पूर्ण गुणांच्या तीन खुणा पाठ असू द्या. मुलांसाठी 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत, 100 मीटर 11.50 सेकंदांत, 7.26 किलोचा गोळा 8.50 मीटर. मुलींसाठी 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत, 100 मीटर 14 सेकंदांत, 4 किलोचा गोळा 6 मीटर. नवी जाहिरात आली की तक्ता पुन्हा तपासा, नियम बदलतात. 2021 ला लेखी आधी होती, पुढच्या भरतीत ग्राउंड आधी आलं.

इथे खाशाबा जाधवांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचा हा पैलवान 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेला आणि सहावा आला. आयुष्य तांबड्या मातीत गेलेलं, तिथे कुस्ती होती मॅटवर. कुठे कमी पडलो हे त्यांना कळलं होतं. पुढची चार वर्षं त्यांनी मॅटच्या कुस्तीवर घालवली, फ्लायवेटमधून बँटमवेटमध्ये गेले. पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि 1955 ला ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. आपल्या खात्याचा माणूस, म्हणून मला त्यांचं जास्त वाटतं.

ग्राउंड: आधी नडगी, मग घड्याळ

परत सुरू करताना सगळ्यात जास्त मुलं नडगीत मार खातात. महिनाभर बंद, मग एकदम रोज डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर, तेही झिजलेल्या बुटांत. तिसऱ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागतं. लांबट पट्ट्यात दुखत असेल, धावायला सुरुवात केल्यावर जास्त आणि नंतर कमी होत असेल, तर धावणं निम्म्यावर आणा, मातीवर धावा, बर्फ लावा, पोटऱ्यांचा व्यायाम करा. पण एका बोटाच्या टोकाएवढ्या जागीच दुखत असेल, त्या पायावर लंगडी घालता येत नसेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पहिल्या एक्स-रेत चीर दिसतेच असं नाही, हे डॉक्टरांना विचारा. पट्टी बांधून, वेदनाशामक गोळी घेऊन पळणारा मुलगा मी पाहिलाय. त्याचे पुढचे चार महिने गेले. धावणं बंद असताना सायकल किंवा विहिरीत पोहणं चालतं, दम टिकतो.

माझा बारा आठवड्यांचा आराखडा असा होता. पहिले चार आठवडे घड्याळ घरी ठेवायचं. आठवड्यातून चार दिवस, अर्धा-पाऊण तास, सोबतच्याशी बोलता येईल इतक्या वेगाने. दोन दिवस बैठका, जोर, पोटऱ्या, पोटाचे व्यायाम. एक दिवस काहीच नाही. या आठवड्यांत मुलांना वाटतं आपण वेळ वाया घालवतोय. तसं नाही, इथेच शरीर तयार होतं.

पुढचे पाच आठवडे दोन दिवस जोराचे. मंगळवारी 400 मीटरच्या सहा फेऱ्या, मध्ये अडीच मिनिटं चालत विश्रांती. शुक्रवारी 200 च्या आठ. रविवारी सहा-सात किलोमीटर निवांत. बाकी दिवस हलके. 1600 मीटर 5:10 मध्ये म्हणजे 400 ची फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, 5:30 म्हणजे साडेब्याऐंशी. मुलींना 2:50 साठी 85 सेकंदांची फेरी. आज सहा फेऱ्या 85 ने होत असतील तर 85 नेच करा, पण सहावी फेरी पहिलीइतकीच आली पाहिजे. पहिली 74 आणि शेवटची 95 असा सराव म्हणजे हरायचाच सराव.

शेवटच्या तीन आठवड्यांत दर दहा दिवसांनी एकदा पूर्ण 1600, बाकी 800 च्या दोन. अखेरच्या आठवड्यात धावणं निम्मं.

ग्राउंडच्या दिवशी मुलं मार खातात ती पहिल्या फेरीत. शिट्टी वाजली की सगळा घोळका सुटतो, पहिले 400 मीटर 68-70 मध्ये होतात, तिसऱ्या फेरीला पाय दगड होतात. माझे ते चार सेकंद तिसऱ्याच फेरीत गेले होते. 2024 ला भरती ऐन पावसाळ्यात आली. ट्रॅकच्या आतल्या कडेला चिखल होता, सगळे तिथेच गर्दी करत होते. मी दोन हात बाहेरून पळालो, पहिल्या फेरीला जवळजवळ शेवटचा होतो, आणि शेवटच्या दोनशे मीटरला मागून येणाऱ्यांचा श्वास ऐकू येत होता पण पुढे कुणी गेलं नाही. वेळ आली 5:16, गुण 18. पाय थरथरत होते, पण त्या दिवशी घाबरलो नाही, कारण 78 ची फेरी कशी लागते हे पायांना माहीत होतं.

गोळाफेकीकडे कुणी बघत नाही, आणि तिथेच गुण सगळ्यात स्वस्त आहेत. गोळा तळहातावर नाही, बोटांच्या मुळाशी बसवायचा. मानेला, हनुवटीखाली टेकवायचा. कोपर वर. आणि जोर दंडातून नाही, मागच्या पायातून यायला हवा: गुडघा वाकवून, कंबर फिरवून, मग शेवटी हात. हात नुसता झटकला तर खांदा जातो. आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस फेक, कुणाला तरी मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढायला लावा. दोन महिन्यांत माझा गोळा जवळजवळ एक मीटर वाढला. तेवढ्यासाठी धावण्यात वर्ष घालवावं लागतं.

इंजेक्शन आणि गोळ्यांबद्दल एकच सांगतो. ग्राउंडआधी "दम वाढवायचं" काही देतो म्हणणारा माणूस प्रत्येक तालुक्यात भेटतो. घेऊ नका. पकडलं गेलात तर बाद होता, आणि उन्हात ताणलेल्या हृदयाला अशी औषधं झेपत नाहीत.

लेखी: वहीत तीन रकाने

100 प्रश्न, 90 मिनिटं. एका प्रश्नाला 54 सेकंद, त्यातच गोल भरायचा. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. चालू घडामोडी सगळेच मोबाईलवर वाचतात, त्यात फार फरक पडत नाही. निकाल फिरतो तो गणित आणि बुद्धिमत्तेवर.

वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि घड्याळ लावून सोडवा. मग वहीत तीन रकाने करा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण चुकलं, वेळ संपला. प्रत्येक चुकलेला प्रश्न यातल्या एकात टाका. दहा पेपर झाले की कुठला रकाना भरलाय ते दिसतं. पहिला भरला असेल तर वाचन कमी आहे. दुसरा भरला असेल तर घाई आहे, पुस्तक बदलून काही होणार नाही. तिसरा भरला असेल तर पाढे, वर्ग, घन, शेकडेवारीचे अपूर्णांक तोंडपाठ नाहीत.

माझा दुसरा रकाना भरलेला होता. रेल्वेच्या गणितात बोगद्याची लांबी धरायची आणि खांबाची नाही, हे मला येत होतं, तरी चुकायचं. मग मी प्रश्नातल्या विचारलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय लावली. एवढंच केलं. लेखी 73 वरून 81 ला गेली. व्याकरणात समास, प्रयोग आणि अलंकार रोज अर्धा तास. माझ्या भरतीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नव्हते, म्हणून एकही गोल रिकामा ठेवला नाही. तुमच्या जाहिरातीत हे वाचून घ्या.

पैसा, वय आणि पुढची जाहिरात

पुढची भरती कधी येईल हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून "भरती येईपर्यंत फक्त तयारी" ही योजना धोक्याची आहे. वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला 28, मागास प्रवर्गाला 33. तुमची किती वर्षं उरलीत ते वहीच्या दुसऱ्या पानावर लिहा. ते पान बघताना पोटात खड्डा पडतो. तरी लिहा.

मी पेट्रोल पंपावर दुपारी दोन ते रात्री दहा काम केलं. पहाटे ग्राउंड, सकाळी अभ्यास. रिकामा दिवस असताना जितका अभ्यास व्हायचा त्यापेक्षा जास्त झाला, आणि बुटांसाठी घरी हात पसरावा लागला नाही. बारावीवर थांबला असाल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी सोबत चालू ठेवा, पुढे पीएसआयच्या परीक्षेलाही लागते. एसआरपीएफ (राज्य राखीव पोलीस दल), कारागृह शिपाई, वनरक्षक, एसएससी जीडी (केंद्रीय दलांची शिपाई भरती) यांच्या जाहिराती बघत राहा. एसएससी जीडीचा पेपर आता मराठीतही असतो आणि तिथे मुलांना 5 किलोमीटर 24 मिनिटांत धावायचं असतं. पहिल्या चार आठवड्यांचा निवांत पाया तिथेही कामाला येतो.

मागच्या भरतीत एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येत होता. त्यामुळे जिल्हा निवडताना जागा बघता तशा तुमच्या प्रवर्गाच्या जागा आणि मागचा कट ऑफ बघा. मित्र जातोय म्हणून जाऊ नका.

"दहा लाख द्या, काम होतं" म्हणणारे याच काळात घरी येतात, तुम्ही नाही तर वडिलांना गाठतात. वडिलांना आधीच सांगून ठेवा. आमच्या शेजारच्या गावात एका घराने दीड एकर विकून दिले. पैसेही गेले आणि मुलगाही घरीच आहे.

कागद

थोडक्यात सांगतो, पण इथे फार जण जातात. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, अधिवास, बारावीचं गुणपत्रक, समांतर आरक्षण (खेळाडू, माजी सैनिक वगैरे) असेल तर त्याचा दाखला. नॉन क्रिमीलेअर कुठल्या तारखेचं चालतं हे जाहिरातीत दिलेलं असतं. भरती नसताना काढून ठेवा, कारण जाहिरात आली की तहसीलमध्ये रांग लागते. दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बारावीचं नाव अक्षर न अक्षर जुळवा. 130 गुण मिळवून पडताळणीत बाद झालेला उमेदवार मी माझ्या डोळ्यांनी मैदानाबाहेर रडताना पाहिलाय.

थांबायचं कधी

हे आत्ता, शांत डोक्याने ठरवा, आणि आईवडिलांना सांगून ठरवा. माझं असं ठरलं होतं: अजून एक भरती, आणि तीत मागच्यापेक्षा दहा गुण वाढले नाहीत तर पंपावरून पुढे दुसरं काहीतरी. गुण वाढत असतील तर पुढे जायला कारण आहे. तीन वर्षं तेच गुण येत असतील तर मेहनत कमी नाही, दिशा चुकतेय किंवा हे क्षेत्र तुमचं नाही. थांबणाऱ्या मुलाला मी कधी कमी लेखत नाही. आमच्या ग्रुपमधला एक जण थांबला, आज ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवतो, आणि सकाळी ग्राउंडवर येऊन नवीन पोरांना गोळा शिकवतो.

परवा सुट्टीला आलो तेव्हा मैदानावर एक मुलगी भेटली. मागच्या भरतीत दोन गुणांनी राहिलेली. गेल्या ऑगस्टमध्ये तिची 800 ची वेळ 3:04 होती. तेव्हा पहिल्याच दिवशी तिने मला वहीचं पहिलं पान दाखवलं, तेही न सांगता भरलेलं. गोळ्यात ती पूर्ण गुणांना पोचलीय. परवा मी शिट्टी वाजवली, तिच्या आईने मोबाईलवर घड्याळ लावलं. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचा एक बूट चिखलात रुतला, तरी थांबली नाही. 2:51. आईने दोनदा स्क्रीन बघितली. मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून उभी होती, श्वास बसल्यावर म्हणाली, "मंगळवारी परत लावू, दादा. बुटाची नाडी आधी नीट बांधते."